अर्ज कुणाच्या नावानं?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरच्या गॅसच्या पुस्तकावर नाव कुणाचं आहे? विजेच्या बिलावर? घराच्या कागदांवर? बहुतेकींचं उत्तर येईल, “असेल यांचंच. माझं कशाला हवं?” माझंही आजवर हेच उत्तर होतं आणि त्यात काही बिघडतं असं मला कधी वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते अमेरिकेतल्या एका नदीमुळं. हसू नका, खरंच सांगते!

माझी भाची फिनिक्सला असते. अॅरिझोना राज्यातलं हे मोठं शहर. नवरा, दोन मुलं, नोकरी, सगळं तुमच्याआमच्यासारखं. फक्त तिला नाद आहे तो नदीत राफ्ट वल्हवायचा. राफ्ट म्हणजे हवा भरलेला भला मोठा रबरी तराफा. जिथं नदी दगडधोंड्यांवरून फेसाळत उड्या मारत जाते तिथं ही मंडळी मुद्दाम जातात. आपण घाटावर दिवा सोडतानासुद्धा पदर खोचून, एक पाय मागं ठेवून उभ्या राहणाऱ्या बायका. पण ही मुलगी लग्नानंतर नवऱ्याबरोबर शिकली आणि जवळच्या सॉल्ट नदीवर चांगली तयार झाली.

या नादातल्या सगळ्यांचं पंढरपूर एकच, ग्रँड कॅन्यन. कोलोरॅडो नदीनं कोरलेली ती प्रचंड दरी तुम्ही कॅलेंडरवर पाहिली असेल. वरून बघायला कुणीही जातं. पण खाली नदीतून जायचं तर लीज फेरी नावाच्या जागी राफ्ट पाण्यात घालायचे आणि सव्वादोनशे मैलांवर, म्हणजे ३६० किलोमीटरच्या पुढं, डायमंड क्रीकला बाहेर काढायचे. मध्ये कुठंही मोटार खाली उतरत नाही. वाळूवर झोपायचं, बरोबर नेलेलं शिजवून खायचं, सकाळी पुन्हा बाड बांधायचं. असे दोन-अडीच आठवडे!

तुम्ही म्हणाल, मग जावं की, नदी काय कुणाच्या मालकीची आहे? तिथंच तर गोम आहे. १८६९ साली पॉवेल नावाच्या एका हाताच्या माणसानं लाकडी होड्यांतून ही दरी पहिल्यांदा पार केली. पुढची कितीतरी वर्षं तिकडं फारसं कुणी फिरकत नव्हतं. मग हवा भरायचे राफ्ट आले, हौशी वाढली आणि १९७२ साली एका वर्षात सोळा हजारांवर माणसं नदीतून गेली. वाळूचे किनारे चुलींच्या राखेनं काळे व्हायला लागले, बाकीच्या घाणीचं तर विचारूच नका. तेव्हा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या खात्यानं आकडा बांधून टाकला. परवाना असेल तोच पाण्यात उतरेल.

यातही दोन रस्ते आहेत. एखाद्या कंपनीला भरपूर पैसे मोजले की त्यांचे वाटाडे वल्हवतात, तेच रांधतात. आपण फक्त बसायचं. दुसरा रस्ता हौशी लोकांचा. आपला चमू, आपले राफ्ट, आपलीच जबाबदारी. परवान्याची खरी चुरस आहे ती या दुसऱ्या रस्त्याला.

पूर्वी त्यासाठी यादी असे. नंबर लावायचा आणि वाट बघायची. माझं लग्न झालं तेव्हा आपल्याकडं गॅसला नंबर असे, स्कूटरला तर वर्षानुवर्षं. तिथं नदीलाही तसाच! यादीत काही हजार नावं साठली, दहा दहा वर्षांत नंबर लागेना. तरुणपणी नाव घातलेल्याचे गुडघे दुखायला लागेपर्यंत बोलावणं यायचं नाही. शेवटी २००६ साली यादी मोडून सोडत सुरू केली. आपल्या म्हाडाच्या घरांची निघते तशीच. दर फेब्रुवारीत पुढच्या वर्षीच्या तारखांची मोठी सोडत निघते. अर्जात आवडीच्या क्रमानं पाच तारखा देता येतात. कुणी तारीख रद्द केली की तिच्यासाठी वर्षभर अधूनमधून लहान सोडती निघत राहतात.

एक गोष्ट मला फार आवडली. या सोडतीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या नसतात. जो नुकताच नदीवरून आला त्याची एकच चिठ्ठी. जो गेलाच नाही, किंवा ज्याला जाऊन चार वर्षं उलटली, त्याच्या पाच. आणि एकदा कुणी गेलं की त्या वर्षी पुन्हा जाता येत नाही, मग कंपनीचे पैसे भरायची तयारी असली तरी. पंगतीत आधी न जेवलेल्याला वाढायचं, हा आपला रिवाजच झाला की!

आता मूळ गोष्टीवर येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये भाची आणि तिचा नवरा जेवणाच्या टेबलाशी अर्ज भरायला बसले. अर्ज एकाच्याच नावानं करायचा असतो. तो सहलप्रमुख. त्याखाली पर्यायी प्रमुखांची नावं घालायची सोय असते, म्हणजे प्रमुखाला ऐन वेळी जमलं नाही तर परवाना कुणाकडं जाईल ते. जावई म्हणाले, “तुझं नाव घालू का?” ही भांडी विसळत होती. म्हणाली, “मी येणारच आहे ना तुझ्याबरोबर? माझं नाव कशाला?” आणि ती ओळ कोरी राहिली.

सोडत लागली! मे २०२३ ची तारीख मिळाली. अर्जाचे २५ डॉलर आधी गेले होते, आता ४०० डॉलर अनामत भरली. सोळा जणांचा चमू जमला, सोळांच्या वर परवानगीच नाही. कुणी रजा टाकली, कुणी विमानाची तिकिटं काढली. आणि तीन आठवडे राहिले असताना जावई सायकलवरून पडले. खांद्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली.

भाचीनं कळवलं, “ते येऊ शकत नाहीत, मी त्यांची बायको, मी चमू घेऊन जाते.” उत्तर आलं ते सभ्य होतं आणि स्पष्ट होतं. परवाना प्रमुखाच्या नावाचा आहे. तो दुसऱ्याला द्यायचा तर अर्ज करताना पर्यायी म्हणून ज्यांची नावं दिली त्यांनाच. नंतर नाव वाढवता येत नाही. बायको असा रकाना त्यात नव्हता.

नियम असा का, ते मला नंतर पटलं. तसं नसतं तर लोकांनी दहा जणांच्या नावानं अर्ज केले असते आणि लागलेले परवाने बाजारात विकले असते. नियमाला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. पण त्या रात्री तिनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती. म्हणाली, “मावशी, पंधरा माणसांची सहल माझ्यामुळं बुडाली. एक ओळ लिहायची होती गं.” अनामत गेली, भाड्यानं ठरवलेल्या सामानाचे पैसे थोडे कापले गेले. एका मैत्रिणीनं पुढं सहा महिने धड बोलणं ठेवलं नाही. पैशापेक्षा ते तिला जास्त लागलं.

पुढचा अर्ज तिनं स्वतःच्या नावानं केला, नवऱ्याचं नाव पर्यायी म्हणून खाली. फेब्रुवारी २०२४ ची मोठी सोडत हुकली. पण कुणाची तरी रद्द झालेली ऑक्टोबरमधली तारीख उन्हाळ्यातल्या लहान सोडतीत तिला लागली. हाताशी जेमतेम तीन महिने! जावयांचा खांदा वल्ही ओढण्याजोगा झाला नव्हता, मुलांच्या शाळा चालू. ते म्हणाले, “तू जा, मी घर बघतो. मावशींना बोलावून घे.” अशी मी तिकडं पोचले.

घरात शांतता होती असं मात्र समजू नका. तिच्या सासूबाईंचा इकडून रोज फोन. नवऱ्याला आणि मुलांना टाकून अठरा दिवस परक्या माणसांबरोबर? बायकांनी कधी केलंय का असलं काही? खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी बोलत नव्हते. भाचीनं सासूबाईंना उलट उत्तर दिलं नाही. तिनं मला मात्र एक हकिकत सांगितली.

१९३८ साली मिशिगन विद्यापीठातल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ बायका या नदीवर निघाल्या. एल्झाडा क्लोव्हर चाळिशीतल्या, प्राध्यापिका. लोइस जॉटर चोवीस वर्षांची, त्यांची विद्यार्थिनी. दहाच वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, हाइड नावाचं नवं लग्न झालेलं जोडपं याच दरीत नाहीसं झालं होतं. त्यांची होडी सापडली, ती दोघं कधीच सापडली नाहीत. त्यामुळं बायकांनी हे करावं का, यावर वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. या दोघी जूनमध्ये निघाल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सुखरूप बाहेर आल्या. ग्रँड कॅन्यन नदीतून पार करणाऱ्या पहिल्या बायका त्याच. वाटेत दरीतली झाडंझुडपं, निवडुंग गोळा करून दाबून वाळवत होत्या, आणि हो, चमूचा स्वयंपाकही बराचसा त्याच करत होत्या. १९६३ मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणानं पाणी अडवलं आणि नदीचा रंगरूपच बदललं. त्याआधी काठावर काय काय उगवत होतं, हे सांगताना आजही या दोघींच्या नोंदी काढल्या जातात.

हे ऐकून माझी भीती गेली असं नाही. पण मी कणीक मळायला घेतली.

कारण परवाना म्हणजे नुसता कागद नव्हे, त्यामागून येतो तो संसार. यंदा माणसं चौदा आणि मुक्काम अठरा दिवसांचा. उन्हाळ्यात सोळा दिवसांच्या आत बाहेर पडावं लागतं, ऑक्टोबरात मुदत जरा सैल असते. वाटेत दुकान नाही. काही विसरलं तर विसरलं. बर्फाच्या मोठ्या पेट्या असतात, पण बर्फ तरी किती दिवस टिकणार? पालेभाजी, टोमॅटो पहिल्या चार दिवसांत संपवायचे. मग गाजरं, काकडी. कोबी, बटाटे, कांदे शेवटाला. पेट्या भरताना शेवटच्या दिवसाचं तळाशी आणि पहिल्या दिवसाचं वर, प्रत्येक पेटीवर दिवसाचा आकडा. आणि पेटी रोज एकदाच उघडायची, नाहीतर बर्फ दुप्पट वेगानं वितळतो. (हे आपल्याकडं कुलाचारासाठी चार दिवस गावी जाताना करून बघा. मी आता करते.) मी थालिपिठाची भाजणी भाजून दिली, मेतकूट दिलं, पिठल्यासाठी बेसनात तिखटमीठ, हिंग, जिरं घालून पुड्या बांधल्या. गार वाऱ्यात पिठलं-भात लागतो कसा, ते तिथल्या गोऱ्या मंडळींना कळलं म्हणे!

भांड्यांची तऱ्हा मला फार पटली. चार बादल्या ओळीनं. पहिलीत गार पाण्यात खरकटं काढायचं, दुसरीत गरम साबणाचं पाणी, तिसरीत गरम पाण्यात विसळायचं, चौथीत जंतू मारायचं औषध घातलेलं गार पाणी. मग ते पाणी गाळायचं. भाताचं शीतसुद्धा वाळूवर पडता कामा नये, गाळणीतलं खरकटं परत न्यायच्या कचऱ्यात. चूल थेट वाळूवर नाही, लोखंडी परातीत. राख डब्यात भरून घरी.

आता संकोच सोडून पुढचं लिहिते, कारण प्रत्येकीच्या मनात हाच प्रश्न असतो. लघवी थेट वाहत्या नदीत, वाळूवर नाही, नाहीतर मुक्कामाच्या जागांना दुर्गंधी सुटते. आणि दुसरं? ते बरोबर आणायचं! घट्ट झाकणाच्या पेट्या असतात, अठरा दिवस त्या राफ्टवरून येतात. पूर्वी यासाठी लष्करातल्या दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या वापरत. त्यांवर बसलं की मांड्यांवर दोन वळ उठायचे, म्हणून या पेटीला तिकडं अजून ‘ग्रूव्हर’ म्हणतात. ही व्यवस्था बरोबर नसेल तर तुम्हाला पाण्यात उतरूच देत नाहीत.

हिशेबाचंही ऐका. या परवान्यावर कुणालाही नफा करता येत नाही. प्रमुख म्हणून तुमची सहल फुकट, असंही चालत नाही. झालेला खर्च सगळ्यांत वाटून घ्यायचा. भाचीनं वही घातली, फ्लॅगस्टाफहून भाड्यानं आणलेल्या राफ्टपासून मिठाच्या पुडीपर्यंत. आमच्या भिशीची वही तिच्यापुढं काहीच नाही.

लीज फेरीला मी आणि जावई मुलांना घेऊन पोचवायला गेलो होतो. फिनिक्सहून मोटारीनं पाच तास. मी दऱ्याखोऱ्या पुष्कळ पाहिल्या आहेत, सह्याद्रीच्या कुशीतच वाढले. पण तिथले लाल कडे बघून छाती दडपली. पाणी मात्र हिरवं आणि शांत. हात घातला तर बर्फासारखं! धरणाच्या खोलातून येतं म्हणून.

तिथं उद्यानाची रेंजर बाई आली. प्रत्येकाचं फोटोचं ओळखपत्र बघितलं. औषधांची पेटी, दुरुस्तीचं सामान, लाइफ जॅकेट, चुलीची परात, त्या पेट्या, सगळं तपासलं. मग विचारलं, “सहलप्रमुख कोण?” तेरा जणांनी भाचीकडं पाहिलं. ही साडेपाच फुटांची पोरगी पुढं झाली आणि सही केली. जावई माझ्याशेजारी उभे होते, खांद्याला हात लावून. काही बोलले नाहीत. मुलानं विचारलं, “आई बॉस आहे का?” ते म्हणाले, “हो. अठरा दिवस.” धाकटी म्हणाली, “घरी पण आहे.”

दरीत मोबाइल चालत नाही. तिच्याकडं उपग्रहावरून निरोप पाठवायचं छोटं यंत्र होतं. रोज संध्याकाळी ‘सगळे ठीक’ एवढे दोनच शब्द यायचे. बारा दिवस आले. तेराव्या दिवशी आले नाहीत. आणि तेराव्या दिवशीच ते लाव्हा फॉल्सपाशी पोचणार होते, त्या वाटेवरचा सगळ्यात धास्तीचा टप्पा. मी मुलांना जेवू घातलं, गोष्ट सांगितली, निजवलं. जावई ओट्याशी उभं राहून एकच पातेलं तीनदा घासत होते. रात्री इकडून सासूबाईंचा फोन आला, “आला का निरोप?” मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले. म्हटलं, “आला हो, सगळे ठीक.” पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. साडेसहाला यंत्राचा निरोप आला. उंच कड्यांमधून आकाशच पुरेसं दिसत नव्हतं म्हणून संध्याकाळचा निरोप अडकला होता. एक राफ्ट पालथा होता होता राहिला होता, हे तिनं आम्हाला घरी आल्यावर सांगितलं.

डायमंड क्रीकला बाहेर पडायची जागा हुआलापाय या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीत आहे. त्यांचं शुल्क वेगळं भरावं लागतं, उद्यानाच्या परवान्यात ते येत नाही. पुष्कळ जण ते विसरतात म्हणे. ही विसरली नव्हती. वर डांबरी रस्त्याला लागल्यावर तिचा फोन आला. पहिला प्रश्न, “मुलं जेवली का?” दुसरा, “मावशी, भाजणी अजून आहे का थोडी?” आवाज बसलेला होता, हात सोलवटले होते, आणि ती इतकं हसत होती की मला नीट ऐकूच येईना. ज्या मैत्रिणीनं सहा महिने अबोला धरला होता ती तिच्याच राफ्टवर होती.

मी परत आल्यावर आमच्या ह्यांना घराचे कागद काढायला लावले. आधी हसले, मग चष्मा शोधून बसले. गॅसचं पुस्तक सापडायलाच दोन दिवस गेले, आणि वारस म्हणून एका जागी अजून माझ्या दिवंगत सासूबाईंचं नाव निघालं!

तिकडं भाचीच्या नावाला आता एकच चिठ्ठी. म्हणून पुढचा अर्ज जावयांच्या नावानं गेला आहे. पर्यायी प्रमुखाची ओळ कोरी नाही ना, ते मी फोनवर दोनदा विचारून घेतलं.